सायकलवाल्यावर दारूची केस होते का? अन् गावाने दंड लावावा का?

पांदणरस्ता
वर्धा जिल्ह्यातलं आमचं गाव राज्यमार्गाला लागून आहे. संध्याकाळी बाजूच्या शिवारातून पिऊन सायकलने परतणारे लोक रस्त्याच्या मधोमध येतात. मागून ट्रॅव्हल्स आणि कापसाचे ट्रॅक्टर असतात. तंटामुक्ती समितीपुढे एक ठराव आला आहे: पिऊन सायकल चालवताना सापडला तर 500 रुपये, पुन्हा सापडला तर 1000, आणि सायकल ग्रामपंचायतीत जमा. बाजूने बोलणारे म्हणतात, मोटारसायकलला 10,000 आहे तर सायकलला 500 काहून नाही?
विचारायचं असं, की सायकलवर 'ड्रिंक अँड ड्राइव्ह' लागतं का, पोलीस चालान करू शकतात का, आणि समितीला दंड घेता येतो का? कलम सांगितलं तर बरं, कारण सभेत वाचून दाखवायचं आहे.

कोर्टआवार
आधी 10,000 चं बघू. तो आकडा मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 185 मधला, 2019 च्या दुरुस्तीनंतरचा. 100 मिलिलिटर रक्तात 30 मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं तर पहिल्या गुन्ह्याला 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 10,000 रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर 2 वर्षांपर्यंत कैद किंवा 15,000 किंवा दोन्ही. पण कलमाची सुरुवातच 'मोटार वाहन चालवताना किंवा चालवण्याचा प्रयत्न करताना' अशी आहे. मोटार वाहन म्हणजे यांत्रिक शक्तीने चालणारं वाहन, हे कलम 2(28) मध्ये आहे. पायडलवर चालणारी सायकल त्यात बसत नाही. त्यामुळे 185 लागत नाही.
फुंकायला लावण्याचा अधिकार कलम 203 मधून येतो, तोही मोटार वाहन चालवणाऱ्यापुरताच. हेल्मेटचं 129, सिग्नल पाळायचं 119, वाहन अडकवायचं 207 ही कलमंही मोटार वाहनांचीच. ई-चालान गाडीच्या नोंदणी क्रमांकावर निघतं आणि सायकलला क्रमांकच नाही. आणखी एक: 185 चा गुन्हा जागेवर पैसे भरून मिटत नाही, तो कोर्टातच जातो. म्हणजे '10,000 च्या धर्तीवर 500' ही तुलनाच टिकत नाही.

रब्बीहंगाम
म्हणजे सायकलवाला मोकळा. ठराव फाडून टाका.

ठाणेअंमलदार
रब्बीहंगाम भाऊ, मोकळा नाही. कायदा दुसऱ्या दारानं येतो.
भारतीय न्याय संहितेचं कलम 281 (जुनं भादंवि 279) म्हणतं, सार्वजनिक रस्त्यावर कोणतंही वाहन माणसाच्या जिवाला धोका होईल अशा बेदरकारपणे किंवा हयगयीने चालवलं तर 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. इथे 'मोटार' हा शब्द नाही. सायकल यात येते. गुन्हा दखलपात्र आहे (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात), जामीनपात्र आहे. सायकलच्या धक्क्याने पायी चालणारा माणूस दगावला तर कलम 106(1), 5 वर्षांपर्यंत कैद. 'प्यालो होतो, कळलं नाही' हा बचाव चालत नाही. स्वतःहून घेतलेल्या नशेने सुटका होत नाही.
नशेत सार्वजनिक ठिकाणी लोकांना त्रास दिला तर कलम 355. 24 तासांपर्यंत साधी कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, नाहीतर समाजसेवा. जुन्या कायद्यात हाच दंड 10 रुपये होता. हा गुन्हा अदखलपात्र आहे.
रस्त्याची डावी बाजू सोडून चालणं महाराष्ट्र पोलीस कायदा 1951 च्या कलम 99 मध्ये येतं. तिथेही नुसतं 'वाहन' म्हटलं आहे.
आणि तुम्ही वर्ध्याचे. तुमच्याकडे सगळ्यात जड कलम महाराष्ट्र दारूबंदी कायदा 1949 चं आहे. कलम 85: रस्त्यावर किंवा कोणत्याही सार्वजनिक जागी नशेत स्वतःवर ताबा नसणं, नशेत गैरवर्तन करणं, किंवा परवाना नसताना नशेत सापडणं. माणूस सायकलवर बसला होता, हाती धरून चालत होता की पारावर बसला होता, यानं फरक पडत नाही.

वैनगंगाकाठ
यात एक भर. परवाना हा फक्त बंदीच्या जिल्ह्यांचा विषय आहे असं पुष्कळांना वाटतं. तसं नाही. दारूबंदी कायदा अख्ख्या महाराष्ट्राला लागू आहे, प्यायला परवाना लागतो, म्हणूनच दुकानात एक दिवसाचा परवाना मिळतो. वर्धा आणि गडचिरोलीत विक्रीच बंद आहे. गडचिरोलीत 1993 पासून. चंद्रपुरात 1 एप्रिल 2015 ला बंदी आली आणि 2021 मध्ये उठली. त्यामुळे सीमेवर असं होतं की माणूस एका जिल्ह्यात पितो आणि सायकलने दुसऱ्या जिल्ह्यात शिरतो. कलम 85 मध्ये कुठे प्याला हे पाहत नाहीत, कुठे सापडला हे पाहतात. आणि परवाना खिशात असला तरी गैरवर्तन केलं किंवा तोल गेलेला असला तर परवाना कामी येत नाही.

रब्बीहंगाम
पण फुंकायलेच लावता येत नाही म्हणता, तं मंग प्याला हे सिद्ध कसं करता? वास येतो म्हणून?

पीएचसीतला
वासावर केस उभी राहत नाही, रक्तावर राहते. दारूबंदी कायद्याचं कलम 129A पोलिसांना अधिकार देतं की संशयिताला नोंदणीकृत डॉक्टरपुढे तपासणीसाठी आणि रक्त घेण्यासाठी न्यायचं. तो नाही म्हणाला तरी नेता येतं. ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर बोलणं, चाल, डोळ्याच्या बाहुल्या, हातापायांचा तोल तपासून प्रमाणपत्र लिहितात, मग रक्त घेतात.
इथे तीन ठिकाणी चूक होते आणि केस पडते.
पहिली, सुई टोचण्याआधी कातडी स्पिरिटच्या बोळ्याने पुसणं. अल्कोहोल मोजायचं आहे आणि आपणच अल्कोहोल लावतो. पुसायला स्पिरिट नसलेलं जंतुनाशकच पाहिजे, आणि तसं कागदावर लिहिलेलं पाहिजे.
दुसरी, साध्या बाटलीत रक्त ठेवणं. सोडियम फ्लोराइड घातलेली बाटली लागते. ते नसलं तर जंतू रक्तातली साखर आंबवतात आणि बाटलीतच अल्कोहोल तयार होतं. उन्हाळ्यात विदर्भाच्या तापमानात हे लवकर होतं. बाटली काठोकाठ भरायची, बूच घट्ट, लाखेचं सील, लेबलवर नाव आणि वेळ.
तिसरी, उशीर. नमुना अमरावती किंवा नागपूरच्या प्रादेशिक न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेत जातो. दारूबंदी कायद्याखालच्या 1959 च्या रक्ततपासणी नियमांत किमान 5 मिलिलिटर रक्त आणि 7 दिवसांची मुदत आहे. ठाण्याच्या फ्रीजमध्ये पडून राहिलेला नमुना बचाव पक्षाच्या कामी येतो.
प्रमाणही वेगळं आहे. दारूबंदी कायद्याच्या कलम 66(2) मध्ये 0.05 टक्के, म्हणजे 100 मिलिलिटरला 50 मिलिग्रॅम. तेवढं किंवा जास्त निघालं की ती औषधातली होती वगैरे सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर येते. 185 चा आकडा 30. दोन्ही एकात मिसळू नका.

पांदणरस्ता
पीएचसीतला सर, 50 मिलिग्रॅम म्हणजे किती दारू? सभेत हाच प्रश्न येणार.

पीएचसीतला
ढोबळ हिशोब देतो. 42.8 टक्क्यांची नाइंटी (90 मिली) घेतली तर त्यात शुद्ध अल्कोहोल सुमारे 30 ग्रॅम. 60 किलोच्या पुरुषात ते जास्तीत जास्त 75 मिलिग्रॅमपर्यंत नेतं. क्वार्टर (180 मिली) घेतली तर 150 च्या आसपास. यकृत दर तासाला साधारण 15 मिलिग्रॅम उतरवतं, अंगकाठीप्रमाणे कमीजास्त. म्हणजे रात्री नऊला क्वार्टर संपवलेला माणूस पहाटे पाचच्या सुमाराला 30 च्या खाली येतो. बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी, त्यामुळे तेवढ्याच दारूत आकडा वर जातो. उपाशीपोटी चढते लवकर आणि आकडाही वर जातो. थंड पाणी, लिंबू, ताक यांनी उतार वेगानं होत नाही.
मोहाच्या आणि हातभट्टीच्या दारूला हा हिशोब लावू नका. पहिल्या धारेची आणि शेवटच्या धारेची तीव्रता वेगळी असते.

चेनव्हील
माझा मुद्दा यंत्राचा. सायकल म्हणजे सायकलच असं आता राहिलं नाही. तालुक्याच्या दुकानांत बॅटरीचं किट बसवून मिळतं, अन् पोट्टे तेच घेऊन फिरतात. यातली बरीच मोटार वाहनं आहेत आणि चालवणाऱ्याला त्याचा पत्ता नाही.
केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या 2(u) मधली सूट कधी मिळते? मोटरची तीस मिनिटांची शक्ती 0.25 किलोवॅटपेक्षा कमी, वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी, बॅटरी सोडून वजन 60 किलोपर्यंत, चांगले ब्रेक, पुढे पांढरा आणि मागे लाल रिफ्लेक्टर. पायडल असिस्ट असेल तर 25 च्या आत मोटर हळूहळू कमी होऊन बंद झाली पाहिजे आणि पाय थांबले की मोटर थांबली पाहिजे. शिवाय मॉडेल पुण्याच्या एआरएआयसारख्या चाचणी संस्थेकडून मंजूर असावं लागतं. घरी बसवलेल्या किटला असला कागद नसतो.
बाजारात 350 वॅटची हब मोटर आणि 48 व्होल्टची बॅटरी सर्रास मिळते. तिनं सायकल सहज 30 च्या वर जाते. 250 चं स्टिकर लावलं म्हणून मोटर 250 ची होत नाही. पेट्रोलच्या इंजिन किटचंही तेच: चारपेक्षा कमी चाकांच्या वाहनाला 25 सीसीपर्यंत सूट आहे, आणि मिळणारी किटं 49 ते 80 सीसीची.
ही सूट गेली की 185 पूर्ण लागतं. त्यावर लायसन्स नाही (कलम 181, 5000 रुपये), नोंदणी नाही (192, पहिल्यांदा 5000 पर्यंत), विमा नाही (196, पहिल्यांदा 2000). पायडल मारत होतो म्हटलं तरी उपयोग नाही.

डवरणी
अन् बंडी? बैल तं शुद्धीवर असतात, हाकणारा नसतो.

ठाणेअंमलदार
बंडी मोटार वाहन नाही, 185 नाही. 281, 355 आणि दारूबंदीचं 85 सायकलसारखंच लागतं. ट्रॅक्टर मात्र मोटार वाहन आहे. वावरातून निघून डांबरीवर चढला की 185 लागू. ट्रॉलीत बसलेल्या मजुरांना धोका म्हणून तिथे आम्ही जास्त कडक असतो.

बांधावरून
मला हा सगळा सूर पटत नाही. बाहेरच्या देशांत सायकलवाल्यालाही सोडत नाहीत. जर्मनीत रक्तातल्या अल्कोहोलनं 1.6 प्रति हजार ओलांडलं की सायकलवरही फौजदारी गुन्हा. जपानने 1 नोव्हेंबर 2024 पासून श्वासात लिटरमागे 0.15 मिलिग्रॅमला सायकलस्वारासाठी 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 5 लाख येनपर्यंत दंड ठेवला आहे, आणि त्याला दारू देणाऱ्यालाही शिक्षा आहे. आपल्याकडेही 185 मध्ये सायकल घातली पाहिजे.

कोर्टआवार
बांधावरून, ब्रिटनचंही बघा. तिथल्या 1988 च्या रस्ते वाहतूक कायद्यात नशेत सायकल चालवणं गुन्हा आहे, 1000 पौंडांपर्यंत दंड, पण सायकलस्वाराला फुंकायची सक्ती नाही. प्रत्येक देश आपल्या रस्त्यावर काय घडतं त्याप्रमाणे ठरवतो. आपल्याकडे रात्री राज्यमार्गावर सायकल चालवणारा माणूस बहुतेक वेळा मजूर असतो. मोटारवाला प्याला तर तो दुसऱ्याला मारतो. सायकलवाला प्याला तर बहुधा तोच मरतो. शिक्षेचं माप दोघांना सारखं लावणं मला न्याय्य वाटत नाही.
कायद्यात वाट मात्र ठेवलेली आहे. 2019 च्या दुरुस्तीत कलम 138(1A) आलं. यांत्रिक नसलेली वाहनं आणि पायी चालणारे यांच्यासाठी राज्य सरकार सुरक्षेचे नियम करू शकतं. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये राज्यांना हे नियम सहा महिन्यांत करायला सांगितलं.

बांधावरून
दुसऱ्यालाही लागतं हो. सायकल चुकवायला गेलेला दुचाकीवाला नालीत जातो, त्याचं काय? पण मजुराचा मुद्दा मान्य.

दावाअर्ज
सगळे दंडावर बोलत आहेत. खरा फटका नुकसानभरपाईत बसतो, आणि तो घरच्यांना बसतो. हे सभेत आधी सांगा.
गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना: शेतकरी कुटुंबातल्या 10 ते 75 वयाच्या माणसाचा अपघाती मृत्यू झाला किंवा दोन अवयव गेले तर 2 लाख, एक अवयव किंवा डोळा गेला तर 1 लाख. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे 30 दिवसांत. रस्ता अपघात यात येतो, सायकलवरचाही. पण अमली पदार्थांच्या अंमलाखाली झालेला अपघात वगळलेला आहे. शवविच्छेदनात पोटात दारूचा वास लिहिला गेला आणि व्हिसेरात (तपासणीला पाठवलेल्या अवयवांच्या नमुन्यात) अल्कोहोल निघालं की प्रस्ताव अडतो. बाईच्या हातचे 2 लाख जातात, त्यापुढे 500 चा दंड काय?
धडक देणारी गाडी सापडली असेल तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात कलम 166 चा अर्ज. मुदत कायद्यात 6 महिने आहे, वाट पाहू नका. पोलिसांनी 48 तासांत न्यायाधिकरणाला पहिला अपघात अहवाल पाठवायचा असतो, त्याची प्रत मागा. विमा कंपनी म्हणेल, सायकलवाला प्याला होता, त्याचीही चूक आहे, रक्कम कापा. याला उत्तर आहे. नुसतं प्यालेला असणं पुरेसं नाही, त्या नशेमुळे अपघात घडला हे दाखवावं लागतं. मागून ठोकलं असेल आणि सायकल डाव्या साइडपट्टीवर असेल तर पिण्याचा आणि धडकेचा संबंध लागत नाही. म्हणून घटनास्थळ पंचनाम्यात ही माहिती आली पाहिजे: डांबराच्या कडेपासून सायकल किती फुटांवर पडली, ब्रेकच्या खुणा कुठून कुठवर, मागचा रिफ्लेक्टर होता का आणि फुटला का, दिवा होता का, चाकाचा कोणता भाग वाकला. मागचं चाक वाकलं म्हणजे मागून धडक. सायकल भंगारात देऊ नका, तोच पुरावा आहे.
गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही तर 1 एप्रिल 2022 पासूनची योजना आहे: मृत्यूला 2 लाख, गंभीर जखमेला 50,000. अर्ज तहसीलदार किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे. यात सायकलवालाही येतो.
उलट बाजू फार कमी लोकांना माहीत असते. सायकलवाल्यानेच कोणाला पाडलं तर सायकलला विमा नाही आणि मोटार नसल्यामुळे न्यायाधिकरणही नाही. जखमी माणसाला दिवाणी कोर्टात जावं लागतं आणि भरपाई सायकलवाल्याच्या खिशातून. बांधावरून यांनी म्हटलेला नालीतला दुचाकीवाला इथेच अडकतो.

वैनगंगाकाठ
दावाअर्ज भाऊ, पंचनाम्यातल्या गोष्टींची यादी आमच्या ग्रामपंचायतीच्या फलकावर लावतो.

चेनव्हील
रिफ्लेक्टरचं नाव निघालं म्हणून सांगतो. नवीन सायकलवर मागे लाल, पुढे पांढरा, पायडलला नारिंगी आणि चाकांच्या आऱ्यांत असे येतात. कॅरिअरवर चाऱ्याचा भारा किंवा कॅन बांधली की मागचा झाकतो. तो कॅरिअरखालून काढून मडगार्डच्या खालच्या टोकाला, जमिनीपासून दीड फुटावर लावा. तिथे ट्रकचा उजेड थेट पडतो आणि भाऱ्यानं झाकत नाही. चिखल मात्र तिथेच उडतो, पावसाळ्यात रोज पुसा.
डायनामोचा दिवा सायकल थांबली की विझतो, म्हणजे उतारावर ब्रेक मारून उभा राहिलेला माणूस अंधारात जातो. मागच्या बाजूला सेलवर चालणारा लाल एलईडी वेगळा ठेवा. पावसात रिमवर ब्रेकचं रबर घसरतं. काळ्या मातीचा लेप बसला की अजून. ही सायकल शुद्धीतल्या माणसालाही वेळेवर थांबवता येत नाही, प्यालेल्याला तर नाहीच.

पांदणरस्ता
खूप माहिती मिळाली. आता मूळ प्रश्न: समितीला दंड घेता येतो का? आणि सायकल जमा?

कोर्टआवार
दोन्ही नाही. तंटामुक्त गाव मोहीम 2007 ची. समितीचं काम तंटे समजुतीनं मिटवणं. दंड करायचा अधिकार तिला कोणत्याच कायद्यानं दिलेला नाही. ग्रामपंचायत कर लावू शकते, 1958 च्या ग्रामपंचायत कायद्यात सायकलवरच्या कराचीही तरतूद आहे, पण कर वेगळा आणि गुन्ह्याचा दंड वेगळा. धाक दाखवून पैसे घेतले तर घेणाऱ्यावरच खंडणीची फिर्याद होऊ शकते. सायकल ओढून ठेवली तर चोरीची तक्रारही होते. दंड दिला नाही म्हणून जातीतून, समाजातून वाळीत टाकलं तर 2016 चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा आहे, 3 वर्षांपर्यंत कैद किंवा 1 लाखापर्यंत दंड.
सायकल जप्त करायचीच झाली तर ती पोलीस गुन्ह्यातला मुद्देमाल म्हणून करतात, पंचनामा करून. मालकाला कोर्टातून सुपूर्तनाम्यावर (मागाल तेव्हा हजर करीन अशा लेखी हमीवर) परत मिळते. खरेदीची पावती नसेल तर फ्रेमवर ठोकलेला नंबर उतरवून ठेवा, ओळख पटवायला तोच लागतो.

ठाणेअंमलदार
गावाच्या हाती कायदेशीर हत्यार आहे, ते वापरा. 2016 च्या दुरुस्तीनं दारूबंदी कायद्यात ग्रामरक्षक दल आलं. ग्रामसभेतून मागणी करून ते स्थापन होतं. दल अवैध विक्रीची खबर पोलिसांना आणि उत्पादन शुल्क विभागाला देतं, पंचनाम्याला साक्षीदार राहतं. सायकलवर मधोमध येणारा माणूस जिथून पिऊन येतो ती जागा बंद होणं, हे त्याच्याकडून 500 घेण्यापेक्षा उपयोगाचं. प्यालेला दिसला तर 112 वर फोन करा, सायकलवरून उतरवून घरी पोचवा. मारहाण करू नका, ती केली की गुन्हा तुमच्यावर.

डवरणी
ठरावात शब्द काय टाकाचे, ते सांगा ना.

कोर्टआवार
दंड आणि जमा ही दोन्ही वाक्यं काढा. ठरावात असं घ्या: 'ग्रामसभा ग्रामरक्षक दल स्थापन करण्याची मागणी करते. राज्यमार्गावरील फाट्यापासून गावापर्यंत पथदिवे आणि साइडपट्टीची भरणी करण्याबाबत सार्वजनिक बांधकाम विभागाकडे मागणी करते. गावातील सायकलींना व बंड्यांना रिफ्लेक्टर बसविण्याचा खर्च ग्रामनिधीतून करण्यास मंजुरी देते.' निधीचं शेवटचं वाक्य ग्रामसेवकांना आधी दाखवून घ्या, कोणत्या शीर्षात बसतं ते तेच सांगतील. ठरावाला सूचक-अनुमोदक लागतात, आणि प्रत ठाण्याला पोच घेऊन द्या.

पांदणरस्ता
पथदिव्यांच्या मागणीत फाट्यापासूनचं अंतर मोजून टाकतो. बंड्यांना कोणते रिफ्लेक्टर घ्यावेत? स्क्रूचे बसत नाहीत.

चेनव्हील
लाल चिकटपट्टी घ्या, दोन इंच रुंदीची. मागच्या आडव्या लाकडावर दोन्ही टोकांना फूट-फूट. आधी लाकूड घासून कोरडं करा, शेणामातीवर पट्टी धरत नाही, आणि कडांना चुका ठोका. बैलांच्या शिंगांना लावतात ती चमकी पट्टी घेऊ नका, ती दिवसा चमकते, ट्रकच्या उजेडात दिसत नाही.